पणजोबा बसऱ्याला गेले, पुढे काय? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या शोधसेवेचं परीक्षण

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातल्या कितीतरी घरांत देव्हाऱ्याशेजारी किंवा ट्रंकेच्या तळाशी एखादं गोल पदक असतं आणि सोबत एकच वाक्य असतं, ‘आमचे पणजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत.’ कुठली पलटण, कुठलं साल, कुठे गेले, यातलं काहीच पुढच्या पिढीपर्यंत आलेलं नसतं. तिथून निघून एखाद्या दगडावर कोरलेल्या नावापर्यंत पोचायला आज सर्वांत भरवशाचं आणि फुकट साधन म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची ऑनलाइन शोधसेवा. पत्ता सीडब्ल्यूजीसी डॉट ऑर्ग, आणि त्यातला ‘फाइंड वॉर डेड’ हा विभाग.

निकाल आधीच सांगून टाकू. पलटण आणि नंबर हाताशी असेल तर पाचपैकी साडेचार गुण. नुसतं नाव-आडनाव घेऊन बसलात तर दोनाच्या वर देता येणार नाहीत. मधलं अंतर घरच्या तयारीने भरून काढता येतं, म्हणून या परीक्षणात तयारीबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे.

ही संस्था १९१७ साली इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या नावाने स्थापन झाली, १९६०मध्ये नाव बदललं. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांची नोंद तिच्याकडे आहे आणि खर्चात भारत सरकारचाही वाटा असतो. त्यामुळे चौकशी करताना परक्याच्या दारात उभं असल्यासारखं वाटून घ्यायचं कारण नाही.

यादीत कोण आहे आणि कोण नाही

पहिली अट तारखांची. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७, या काळात नोकरीत असताना झालेला मृत्यूच इथे नोंदला जातो. गोळीने गेले की १९१८च्या इन्फ्लुएंझाने, याने फरक पडत नाही. मृत्यूच्या वेळी नोकरीत होते की नाही, याने पडतो. नोकरीतून सुटल्यावर कोणी वारलं असेल, तर मृत्यू याच काळातला आणि सेवेतल्या कारणाने झालेला असावा लागतो. १९२१च्या दिवाळीत घरी वारलेले पणजोबा इथे सापडणार नाहीत. जिवंत परतलेले तर नाहीतच. हे उघड वाटतं, तरी पेन्शन घेऊन म्हातारपणी गेलेल्या आजोबांना इथे शोधत बसणारे कमी नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. संस्थेच्या नावात ग्रेव्ह्ज आहे म्हणून बहुतेक मराठी कुटुंबं थडगं शोधायला निघतात. हिंदू आणि शीख जवानांचं दहन झालं, त्यामुळे त्यांचं थडगं बहुधा नसतंच. त्यांची नावं तीन प्रकारे मिळतात: दहन स्मारकावर, पत्ता न लागलेल्यांच्या मोठ्या स्मारकाच्या पॅनेलवर किंवा नुसत्या नोंदवहीत. मुसलमान आणि ख्रिस्ती जवानांची थडगी मात्र असू शकतात. नोंद उघडल्यावर ‘ग्रेव्ह’च्या जागी ‘पॅनेल’, ‘फेस’ किंवा ‘कॉलम’ दिसलं तर शोध चुकला असं समजू नका. मराठी नावांच्या बाबतीत तेच नेहमीचं.

संगणक उघडण्याआधी घरात काय बघायचं

पदक बाहेर काढा आणि त्याचा चेहरा सोडून कड वाचा. पहिल्या महायुद्धाच्या रुपेरी ब्रिटिश वॉर मेडलच्या आणि काशाच्या व्हिक्टरी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठोकलेली असते. १९१४-१५च्या ताऱ्यावर हाच मजकूर पाठीमागे असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांच्या पदकांवरही नाव बऱ्याचदा सापडतं. पदक चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. कडेवरची अक्षरं उथळ असतात आणि दसऱ्याला दसऱ्याला घासून कित्येक पदकांची कड गुळगुळीत झालेली असते. ओल्या मऊ फडक्याने पुसा, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आडवा धरा आणि पदक हळूहळू फिरवत कडेचे सात-आठ फोटो काढा. सरळ वरून उजेड टाकला तर अक्षरांची सावली पडत नाही आणि काहीच वाचता येत नाही.

सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची जाड काशाची तबकडी असेल, तर तो पहिल्या महायुद्धातल्या मृताच्या घरी पाठवलेला स्मृतिपट. त्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नाही, नंबर नाही आणि पलटणही नाही. पण तो घरात आहे याचा अर्थ माणूस यादीत असायलाच हवा. एवढी खात्री दुसरा कुठलाच पुरावा देत नाही.

मग पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद, जुनी मनीऑर्डरची पावती. गावात चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का बघा: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके कामी आले. पाटीवर नावं नसतात, फक्त आकडे. तरीही तिचा उपयोग होतो. तीन कामी आले असं लिहिलं असेल आणि शोधात गावाचे दोनच सापडले, तर तिसऱ्याचं गाव चुकीच्या स्पेलिंगखाली अडकलंय हे कळतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तारीख विचारू नका, त्यांना ती आठवत नाही. सण विचारा, कोणाच्या जन्माच्या आधी की नंतर ते विचारा, तार कुठल्या महिन्यात आली ते विचारा. आत्याबाई किंवा चुलत आजी वडिलांकडच्या पुरुषांपेक्षा जास्त सांगतात, कारण विधवा झालेल्या पणजीसोबत घरात दिवस काढलेले असतात ते त्यांनी.

शोध कसा लावायचा

सर्वसाधारण माणूस पहिल्याच रकान्यात आडनाव टाकतो आणि इथेच गाडी अडते. भारतीय जवानांच्या नोंदीत पूर्ण नाव पुष्कळदा आडनावाच्या रकान्यात एकत्र बसवलेलं आहे. शिवाय स्पेलिंग त्या काळच्या कारकुनाच्या कानाचं. शिंदेमधला ‘एच’ गळतो. जाधवच्या शेवटी ‘व्ही’ऐवजी ‘ओ’ येतो. पवारचा पोवार होतो, चव्हाणचा चावन किंवा चौहान, साळुंखेचा साळोखे. पहिल्या नावाची आणखी तऱ्हा: घरी रामचंद्रराव, कागदावर रामा, घरी गणपतराव, कागदावर गणू.

म्हणून नावाचे रकाने रिकामे ठेवा. ‘सर्व्ह्ड विथ’मध्ये इंडियन निवडा, कुठलं महायुद्ध ते ठरवा आणि पलटणीचा रकाना भरा. मराठा हा शब्द आजच्या स्पेलिंगने टाकू नका. त्या काळचं सरकारी स्पेलिंग एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं आहे, ‘आर’च्या आधी ‘एच’ आणि शेवटी दोन ‘टी’. हा एक बदल केला नाही तर शोध रिकामा येतो आणि माणूस ‘आमचं नाव नाहीच’ म्हणून उठतो.

पलटणीचा क्रमांक हा दुसरा सापळा. पहिल्या महायुद्धात १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा मराठा पलटणी होत्या. १९२२च्या फेररचनेत त्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली: १०३ची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, १०५ची दुसरी, म्हणजे काळी पाचवी, ११०ची तिसरी, ११६ची चौथी, ११७ची पाचवी, आणि ११४ ट्रेनिंग बटालियन झाली. घरात ‘पाचव्या मराठ्यात होते’ असं सांगतात ते बहुतेकदा नंतर ऐकून जोडलेलं असतं. १९१६ साली गेलेल्या माणसाला पाचव्या मराठ्यात शोधणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. उलट दुसऱ्या महायुद्धातल्याला ११७मध्ये शोधण्यात अर्थ नाही.

मराठी माणूस म्हणजे मराठा पलटणच, असंही नाही. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, १०७ पायोनियर्समध्ये, १९१७ साली उभ्या राहिलेल्या आणि १९२१मध्ये मोडलेल्या १११ महार पलटणीत, सप्लाय अँड ट्रान्सपोर्टमध्ये, डोलीवाल्यांच्या बेअरर कोअरमध्ये शोधा. दुसऱ्या महायुद्धासाठी १९४१मध्ये बेळगावला उभी राहिलेली महार रेजिमेंट, इंडियन पायोनियर कोअर आणि रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर विसरू नका.

त्या काळी एका पलटणीची माणसं दुसरीत सर्रास भरायचे. माणूस भरती ११४मध्ये, लढला ११७सोबत. नोंदीत मग ‘अटॅच्ड’ असा उल्लेख असतो, आणि मुख्य पलटण कुठली धरली आहे त्यावर तो कुठल्या शोधात येईल ते ठरतं. एका क्रमांकात सापडला नाही तर उरलेल्या पाचही पलटणी चाळा.

नंबरबद्दल एक इशारा. पहिल्या महायुद्धातले नंबर प्रत्येक पलटणीचे वेगळे. २३४५ नंबरचा शिपाई १०३मध्येही असू शकतो आणि ११०मध्येही. नंबर अधिक पलटण असं दोन्ही जुळलं तरच तो आपला. नुसत्या नंबरावर कोणाला पणजोबा करून घेऊ नका.

यादी शे-दीडशे नावांवर आली की ती डाउनलोड करा आणि स्प्रेडशीटमध्ये तारखेनुसार लावा. साइटवर एकेक पान उलटत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. आता कुटुंबातल्या दोघातिघांनी मिळून मोठ्याने वाचा. स्पेलिंग डोळ्याला दिसत नाही ते कानाला ओळखू येतं, कारण ते मुळात कानाने लिहिलेलं आहे.

मग एकेक नोंद उघडून ‘अॅडिशनल इन्फर्मेशन’ बघा. असेल तर तिथे अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, तालुका, जिल्हा असा मजकूर मिळतो. जिल्हे तेव्हाचे आहेत हे लक्षात ठेवा. आजचा रायगड तेव्हा कुलाबा. सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीत. वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळं सातारा जिल्ह्यात. १९४९मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. फलटण, भोर, औंध, सावंतवाडी, कोल्हापूर ही संस्थानं असल्यामुळे तिथल्या माणसापुढे जिल्ह्याऐवजी स्टेट लिहिलेलं असेल. वाळव्याचे पणजोबा ‘सातारा’खाली सापडले तर तो दुसराच कोणी म्हणून सोडून देऊ नका.

सेवेचा सराव करायचा असेल तर ओळखीच्या माणसापासून सुरुवात करा. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी बटालियन, इटलीतल्या वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले. नाव टाकू नका. पलटण आणि १० जुलै १९४४ ही तारीख टाका. यादीत त्यांच्यासोबत त्या दिवशी त्याच पलटणीतले गेलेले बाकीचेही समोर येतात, आणि एका नोंदीऐवजी एका लढाईचा दिवस दिसतो. घाडग्यांचं नाव कासिनो स्मारकावर आहे, कारण थडग्याचा पत्ता नाही. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्याची ही कथा, तर शिपायाच्या नोंदीत ‘स्मारक’ दिसल्यावर नवल वाटू नये. हीच पद्धत पणजोबांसाठी वापरा: तारखेच्या आगेमागे आठवडाभर त्यांच्या पलटणीत किती गेले ते पाहा. एकाच दिवशी चाळीस असतील तर लढाई. आठवडाभर रोज एक-दोन असतील तर बहुधा आजार.

नोंदीखाली जोडलेले मूळ कागद हा या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग, आणि लोक तो उघडतच नाहीत. थडगं असेल तर नोंदणीचा तक्ता, दगडावर काय कोरायचं त्याची यादी, आणि अवशेष एका जागेहून दुसरीकडे हलवले असतील तर त्याचा अहवाल. स्मारकावरचं नाव असेल तर छापील नोंदवहीचं पान. टाइप केलेल्या ओळीवर पेनाने केलेली दुरुस्ती दिसली तर दोन्ही वाचा. संगणकावर चढवताना कधी खोडलेलं रूपच चढलेलं असतं. वय मात्र बहुतेक भारतीय नोंदीत रिकामं असतं. तारीखही कधी एक दिवस नसते, ‘अमुक ते अमुक दरम्यान’ अशी असते. आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ला शरण गेलेल्यांत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. कैदेत वारलेल्यांच्या नेमक्या तारखा कोणाकडे असणार?

सेवेतली भोकं

बसरा स्मारक हे मराठी कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत निराश करणारं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये मेलेल्या, थडग्याचा पत्ता नसलेल्या ४०,०००हून अधिक लोकांचं ते स्मारक. वेबसाइटवर शिपायाच्या नावापुढे पॅनेल नंबर दिसतो, म्हणून दगडावर नाव असेल असं वाटतं. तसं नाही. भारतीय पलटणींच्या अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची कोरली नाहीत. पलटणीच्या नावापुढे फक्त संख्या टाकली आणि नावं नोंदवहीत ठेवली. १९९७मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने हे स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर दूर नेलं. तिथे कुटुंब घेऊन जाण्याचा बेत आज तरी आखू नये. नोंदवहीच्या पानाची छापील प्रत घेणं हाच तिथला दौरा.

ही वागणूक अपवाद नव्हती, हे वॉर ग्रेव्ह्ज आयोगाने स्वतःच एप्रिल २०२१च्या अहवालात कबूल केलं. त्यानुसार ४५,००० ते ५४,००० मृतांना बरोबरीची वागणूक मिळाली नाही, आणि आणखी किमान १,१६,००० जणांची नावाने नोंद झालीच नाही. हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकतो. त्यात भारतीय आणि आफ्रिकी माणसं मोठ्या संख्येने. भिस्ती, खच्चरवाले, डोलीवाले, मजूर, ज्यांना लष्कर ‘फॉलोअर’ म्हणायचं, ते यात जास्त हरवले. तुमचा माणूस त्यांच्यातला असेल आणि सगळं करूनही सापडला नाही, तर तुमच्या शोधात खोट नसेल.

कोकणातल्या खलाशांसाठी वेगळी वाट आहे. इथे पलटण नाही, जहाज शोधायचं. हुद्द्याच्या रकान्यात आपले सारंग आणि तांडेल जवळपास तसेच इंग्रजीत सापडतात, आगवाला ‘फायरमन’ होतो, कोयलावाला ‘ट्रिमर’. समुद्रातच गेलेल्या २,०००हून अधिक खलाशांची नावं पहिल्या महायुद्धाच्या मुंबई स्मारकाखाली येतात आणि दुसऱ्या महायुद्धातल्या ६,०००हून अधिक नाविकांची नावं मुंबई-चितगाव स्मारकाच्या सारख्याच दोन नोंदवह्यांत. मुंबईतली जागा मस्जिद बंदरचं इंडियन सेलर्स होम. रत्नागिरी-दापोली पट्ट्यातल्या हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांना याचा उपयोग आहे, आणि सोलापूर-सातारच्या शोधापेक्षा हा शोध लवकर लागतो, कारण जहाजाचं नाव घरात पाठ असतं.

प्रत्यक्ष जायचं तर

पुण्यातली मंडळी पहिल्यांदा खडकीला जातात. होळकर पुलाजवळ, मुळा रोडवरची ही दफनभूमी फार नीट राखलेली आहे. दुसऱ्या महायुद्धातली १,६६८ थडगी, पहिल्या महायुद्धाचं स्मारक, शिवडीच्या दफनभूमीतून जून १९६२मध्ये आणून पुन्हा पुरलेल्या ६२९ जणांची नावं, आणि पूर्व व पश्चिम आफ्रिकेच्या जवानांचं वेगळं स्मारक. पण मराठी पणजोबा शोधायला ही जागा नव्हे. पश्चिम आणि मध्य भारतातली विखुरलेली थडगी एकत्र करायला ती केली, आणि आपल्या माणसांची थडगी मुळात कमी. मुलांना पॅनेल कसं वाचायचं ते शिकवायला मात्र उत्तम. ब्लॉक, रांग, थडगं असा क्रम, आणि स्मारकावर पलटण, मग हुद्दा, मग वर्णानुक्रम. भारतीय पॅनेलवर वर्णानुक्रम बऱ्याचदा पहिल्या नावाचा लागतो, म्हणजे रामा शिंदे ‘आर’मध्ये शोधायचा.

दिल्लीत दोन जागा. इंडिया गेटवर १३,०००हून अधिक नावं कोरलेली आहेत, पण बरीचशी इतकी उंच की दुर्बीण किंवा लांबचा झूम नसेल तर हात हलवत परत यावं लागतं. दुसऱ्या महायुद्धासाठी दिल्ली कँटोन्मेंटमधली वॉर सेमेटरी. दिल्ली-कराची स्मारकाखाली २५,०००हून अधिक नावं आहेत.

परदेशात इटली सर्वांत सोयीची. कासिनो रोम आणि नेपल्सच्या मधलं रेल्वे स्टेशन, तिथून दफनभूमीपर्यंत चालत जाता येतं. सँग्रो नदीकाठच्या दहन स्मारकावर ५००हून अधिक भारतीय नावं आणि फोर्लीच्या दहन स्मारकावर जवळपास ८००. फोर्लीला रेल्वे आहे, सँग्रोला गाडी भाड्याने घेतल्याशिवाय जमत नाही, म्हातारी माणसं सोबत असतील तर नक्कीच नाही. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलचं स्मारक: ४,७००हून अधिक नावं, १५ मीटर उंच खांब, खाली दगडी वाघ. २८ ऑक्टोबर १९१४ला त्या गावावर चढाई केलेल्यांत तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या, आणि इथे शिपायांची नावं खरोखर दगडावर आहेत. लंडनच्या मराठी मंडळींना ब्रायटनजवळचं ‘छत्री’ हे स्मारक एका दिवसात बघून होतं. तिथे दहन झालेल्या ५३ हिंदू आणि शीख जवानांची नावं २०१०मध्ये शेजारच्या भिंतीवर कोरली.

निघण्याआधी त्या जागेचं साइटवरचं पान पूर्ण वाचा. नकाशा, वेळा आणि दुरुस्ती चालू असेल तर सूचना तिथेच असते. पॅनेल नंबर कागदावर लिहून न्या, परदेशात गावाबाहेर मोबाइलची रेंज जाते. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना काढा. हार-फुलं पायथ्याशी ठेवा. हळदकुंकू, तेल, गुलाल दगडाला लावू नका. बऱ्याच ठिकाणी दगड सच्छिद्र चुनखडीचा असतो, डाग आत उतरतो आणि काढायचा म्हणजे वरचा थर घासावा लागतो, त्यासोबत अक्षरंही जातात. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळणाऱ्यांनाही हेच लागू. नारळ फोडायचा तर बाहेर.

बाकीच्या सेवा

फाइंड अ ग्रेव्ह आणि बिलियनग्रेव्ह्ज या दोन्ही स्वयंसेवकांनी काढलेल्या थडग्यांच्या फोटोंवर उभ्या आहेत. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांनी तिथे जरूर खडा टाकून बघावा. दहन झालेल्यांसाठी त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. वॉर ग्रेव्ह्ज फोटोग्राफिक प्रोजेक्ट ही स्वयंसेवी मंडळी थोड्या देणगीत थडग्याचा किंवा पॅनेलचा फोटो पाठवते, जाणं शक्य नसलेल्यांना हा मार्ग चांगला. पलटणीची रोजनिशी वाचायची तर ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९५ ही मालिका. माणसाचं नाव तिथे क्वचित येतं, पण त्या दिवशी पलटण कुठे होती ते कळतं. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल फुकट आहे, शोधयंत्र कंटाळवाणं आहे. मराठा पलटणीचं केंद्र बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. तिथे पत्र पाठवताना नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि अंदाजे साल, सगळं एका पानावर. पहिल्या महायुद्धाबद्दल फार आशा धरू नका.

आता दुरुस्ती. नोंद सापडली पण गाव किंवा वडिलांचं नाव चुकलं असेल, किंवा माणूस यादीतच नसेल, तर आयोगाकडे पुराव्यासह अर्ज करता येतो. गाळलेली नावं शोधून भरण्याचं काम त्यांच्याकडे सुरूच आहे. मृत्यू नोकरीत असताना आणि वर दिलेल्या तारखांत झाला, हे दाखवणारा त्या काळचा कागद लागतो. घरची आठवण, वंशावळ, आजचं प्रतिज्ञापत्र एवढ्याने भागत नाही. पदकाच्या कडेचा फोटो माणूस सैन्यात होता एवढंच सांगतो. पेन्शन विधवेच्या नावे सुरू झाल्याचा कागद त्याहून भारी, कारण त्यात मृत्यू येतो. एका अर्जात एकच माणूस घ्या, दोन भावांचे दोन अर्ज करा. मोडीत लिहिलेला कागद असेल तर देवनागरी लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही जोडा, आणि मूळ कागद किंवा पदक टपालाने कधीच पाठवू नका, स्कॅन पुरतो.